शाळा दोन भाषांची, त्यातली एक घरची आहे ना?

२०२५ चा उन्हाळा आठवतो का मैत्रिणींनो? एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत आपल्या राज्यात शाळेतल्या भाषेवरून मोठा गदारोळ उठला होता. १६ एप्रिलला शासन निर्णय आला, की मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची. त्यावर रान उठलं. १७ जूनला सुधारित निर्णय निघाला. हिंदी 'सर्वसाधारणपणे' शिकवायची, आणि दुसरी एखादी भारतीय भाषा हवी असेल तर एका इयत्तेत ती मागणारी किमान वीस मुलं हवीत, अशी त्यात मेख होती. विरोध आणखी वाढला. शेवटी २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतल्याचं आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमत असल्याचं सरकारनं जाहीर केलं.

टीव्हीवर, पेपरात, सभांमधून सगळे तावातावानं बोलत होते. दोन भाषा की तीन, पहिलीपासून की पाचवीपासून, सक्ती की ऐच्छिक. हे सगळे प्रश्न महत्त्वाचेच. पण एक साधा प्रश्न त्या गलबल्यात मागेच राहिला. पहिलीच्या वर्गात येऊन बसणारं पोर घरून कोणती भाषा घेऊन येतं?

मी शहापूरला राहते. बचत गटांच्या आणि शाळाबाह्य मुलांच्या कामानिमित्त शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत गेली अनेक वर्षं माझं फिरणं होतं. लांबून बघणाऱ्याला वाटेल, हा ठाणे जिल्ह्याचा ग्रामीण भाग, इथं मराठीशिवाय दुसरं काय असणार! पण वाशिंद, आसनगाव, आटगावच्या चाळींमधून एकदा चक्कर मारा. उत्तर प्रदेश, बिहारहून आलेली कुटुंबं दिसतील. कुणी गोदामात, कुणी कारखान्यात, कुणी बांधकामावर. मुरबाडच्या एमआयडीसीच्या आसपास तेच चित्र. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, पण त्याआधी त्या कामावर लांबलांबचे मजूर येऊन राहिले होते. आत पाड्यांवर गेलात तर ठाकर, कातकरी, महादेव कोळ्यांची घरं. कातकऱ्यांची बोली आपल्या पुस्तकी मराठीपासून केवढी तरी दूर. आणि चौथी तऱ्हा आपल्यातल्याच लोकांची. नोकरीसाठी दुबई-मस्कतला, नाहीतर बंगळूरला गेलेली आणि आता मुलाबाळांसह गावी परतलेली कुटुंबं.

परमुलखात राहणाऱ्या मुलांसाठी दोन भाषांची शाळा कशी निवडावी, हा विषय निघाला की डोळ्यापुढे मोठ्या कंपन्यांतले साहेब येतात. पण हा प्रश्न आपल्या दारात आहे. फक्त तो साहेबांच्या घरी पडला की त्याला 'इंटरनॅशनल एज्युकेशन' म्हणतात आणि मजुराच्या घरी पडला की 'पोर अभ्यासात कच्चं आहे' म्हणतात.

साहेबांची मुलं कशी शिकतात?

आधी साहेबांचंच बघू, कारण त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. मुंबईत १९६१ साली जर्मन शाळा निघाली. जर्मन कंपन्यांची, वकिलातीची माणसं दोन-चार वर्षांसाठी इथं येत, त्यांच्या मुलांसाठी. आपलं मूल उद्या परत जर्मनीत जाईल, तिथल्या वर्गात बसेल, तेव्हा ते मागं पडू नये म्हणून जर्मन भाषेतून शिकायची सोय. जोडीला इंग्रजी. मुंबईत जपानी मुलांसाठीही अशीच वेगळी शाळा आहे. म्हणजे ही शहाणी माणसं परक्या देशात आल्यावर पहिली काळजी कसली घेतात? घरची भाषा तुटू नये याची. इंग्रजीची त्यांना गरज नसते असं नाही. पण घरच्या भाषेच्या जागी इंग्रजी, असा सौदा ते करत नाहीत.

दुसरी गोष्ट कॅनडातली, आणि ती बायकांनी घडवलेली आहे म्हणून मुद्दाम सांगते. मॉन्ट्रियल शहराजवळ सेंट लॅम्बर्ट नावाचं गाव आहे. तो भाग फ्रेंच बोलणाऱ्यांचा, पण या गावात इंग्रजी बोलणारी बरीच कुटुंबं. शाळेत वर्षानुवर्षं फ्रेंच शिकूनही मुलांना धड चार वाक्यं बोलता येईनात. तेव्हा ऑल्गा मेलिकॉफ आणि तिच्यासारख्या काही आयांनी शाळा मंडळाकडे धरणंच धरलं म्हणा ना! आमच्या मुलांना बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकवा. सप्टेंबर १९६५ मध्ये एक प्रायोगिक वर्ग सुरू झाला. मॅकगिल विद्यापीठाचे प्राध्यापक वॉलेस लॅम्बर्ट यांनी या मुलांची वर्षानुवर्षं तपासणी केली. मुलं फ्रेंच छान शिकली, आणि इंग्रजीत किंवा गणितात मागंही पडली नाहीत.

ही गोष्ट सांगून कुणी म्हणेल, 'बघा, परक्या भाषेतून शिकवलं तरी काही बिघडत नाही. मग आमची पोरं फुल इंग्लिशला का नकोत?' थांबा. त्या वर्गात आणि आपल्याकडच्या वर्गात काय फरक होता ते बघू या. त्या मुलांच्या शिक्षकांना मुलांची इंग्रजी कळत होती. पोरानं इंग्रजीत पाणी मागितलं तर त्याला कुणी दंड करत नव्हतं. दुसरीपासून इंग्रजी वाचन-लेखन शाळेतच सुरू झालं. घरी इंग्रजी पुस्तकं, इंग्रजी रेडिओ, शिकलेले आईवडील. घरच्या भाषेचा पाया पक्का होता आणि त्यावर दुसरा मजला चढला.

याच लॅम्बर्ट यांनी पुढं एक फार नेमकं वर्गीकरण केलं. दोन भाषा शिकणं दोन तऱ्हेचं असतं, एक बेरजेचं आणि एक वजाबाकीचं. घरची भाषा राहिली आणि नवी मिळाली, ती बेरीज. नवी घेताना घरची गेली, ती वजाबाकी. मला वाटतं, शाळा निवडताना आपण हाच एक हिशेब मांडायला हवा.

बोलणं वेगळं, शिकणं वेगळं

आसनगावच्या एका चाळीत एक बिहारी बाई आमच्या गटात आहे. तिचा मुलगा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. गावी हिंदी शाळा असती, पण इथं जवळ तीच एक. पहिले चार महिने पोरगं गप्प. दुसऱ्या वर्षी मात्र असं फाडफाड मराठी बोलायला लागलं की दवाखान्यात, रेशन दुकानात तोच आईचा दुभाषी. आई खूश. पण तिसरीत गणितात शून्य. 'ताई, बोलता तो इतना अच्छा है, फिर पढाई में क्यूँ गिरता है?' तिनं मला विचारलं.

मी त्याच्याजवळ बसले. उदाहरण होतं, चोवीस पेरू सहा मुलांना समान वाटले, तर प्रत्येकी किती? पोरगं नुसतं बघत राहिलं. त्याला 'प्रत्येकी' हा शब्दच माहीत नव्हता. कुठून असणार? गल्लीत खेळताना 'प्रत्येकी' कोण म्हणतं? 'हर एक को कितना?' म्हटल्याबरोबर उत्तर आलं, चार! भागाकार त्याला येत होता. अडलं होतं ते भाषेशी.

टोरांटोचे जिम कमिन्स यांनी स्थलांतरित मुलांचा अभ्यास करून हेच दाखवलं आहे. नव्या देशात आलेलं मूल साधारण दोन वर्षांत तिथली बोलायची भाषा उचलतं. पण पुस्तकातली, परीक्षेतली, 'कारणे द्या' आणि 'तुलना करा'ची भाषा इतर मुलांच्या बरोबरीनं यायला पाच ते सात वर्षं लागतात. आपण काय करतो? मूल बोलायला लागलं की भाषा आली म्हणून निर्धास्त होतो, आणि तिसरी-चौथीत अडलं की त्याच्या डोक्याला दोष देतो.

त्या बाईला मी शाळा बदलायला सांगितलं नाही. तिला इथं राहायचं आहे, तिच्या मुलाला मराठी आलीच पाहिजे. सांगितलं एवढंच, की रोज संध्याकाळी त्याच्याशी हिंदीत, नाहीतर तुमच्या भोजपुरीत, शाळेतल्या धड्यावर बोल. आज काय शिकलास ते मला समजावून सांग, म्हण. एका भाषेत डोक्यात बसलेला भागाकार दुसऱ्या भाषेत पुन्हा शिकावा लागत नाही, नुसतं नाव बदलावं लागतं. शाळेतल्या बाईही चांगल्या होत्या. त्यांनी नवे शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून द्यायला सुरुवात केली. चौथीत तो मुलगा बरा सावरला.

सेमी, फुल की मराठी?

आता आपल्या, म्हणजे ज्यांच्या घरी मराठीच बोलतात त्यांच्या प्रश्नाकडे येते. आपल्याकडे २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. सेमी इंग्रजीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचं मराठीतून. अलीकडे बालभारतीनं मराठी शाळांच्या पहिलीसाठी द्विभाषिक पुस्तकंही काढली, मराठी शब्दाशेजारी इंग्रजी शब्द. कल्पना म्हणून सेमी मला वाईट वाटत नाही. घरची भाषा त्यात शाबूत राहते. पण ती चालवणारे शिक्षक गणित इंग्रजीतून समजावू शकतात का, यावर सगळं अवलंबून. नाहीतर होतं असं, की फळ्यावर इंग्रजी, तोंडी मराठी आणि परीक्षेत घोकंपट्टी.

आकड्यांचंच बघा. जून २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' आलं आणि केवढा वाद झाला! विनोद झाले, विधानसभेत चर्चा झाली. पण आपल्या घरात काय चाललंय? फुल इंग्लिशला जाणाऱ्या कितीतरी मुलांना 'एकोणसाठ' कळत नाही. बाजारात भाजीवाली 'पस्तीस रुपये' म्हणाली की मूल आईकडे बघतं, आई म्हणते 'थर्टी फाइव्ह'. हे सांगताना काही आयांच्या चेहऱ्यावर कौतुकच असतं! मला मात्र त्या पोराची काळजी वाटते, कारण त्याचं इंग्रजीही काही फार पक्कं नसतं. थर्टी आणि थर्टीन यात ते गोंधळतंच. ना धड इकडचं, ना धड तिकडचं. ही वजाबाकी आपण फी भरून विकत घेतो, वर ट्यूशन लावतो.

असं लिहिलं की मला पत्रं येतात, 'तुम्ही गरिबांच्या मुलांना इंग्रजीपासून दूर ठेवता.' मुळीच नाही. इंग्रजी पाहिजेच. इंग्रजी येत नाही म्हणून कॉलेजात गप्प बसणाऱ्या, मुलाखतीत मान खाली घालणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. आई इंग्रजी शाळा मागते ती हौस म्हणून नाही, तिच्या वाट्याला आलेला अपमान पोरीच्या वाट्याला येऊ नये म्हणून. तिच्या मागणीला नावं ठेवायचा कुणाला अधिकार नाही. सर्वोच्च न्यायालयानंही मे २०१४ मध्ये कर्नाटकच्या खटल्यात सांगितलं, की प्राथमिक शाळेत मातृभाषेचं माध्यम सरकार लादू शकत नाही, निवड आईवडिलांची. प्रश्न आहे तो ही निवड डोळे उघडे ठेवून करण्याचा. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं, शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं. 'शक्य तिथं' या दोन शब्दांत आपल्या पाड्यावरची शाळा कुठं बसते, ते आपणच बघायचं.

सहा वर्षांचं पोर आणि वसतिगृह

आपल्या दोन तालुक्यांत या विषयाचा सगळ्यात नाजूक भाग हा आहे. आदिवासी विकास विभागाची 'नामांकित शाळा' म्हणून ओळखली जाणारी योजना २०१० पासून चालू झाली. आदिवासी मुलांना शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळेत पहिलीपासून प्रवेश, खर्च शासनाचा. आपल्याकडे शहापूरच्या प्रकल्प कार्यालयातून तिचं काम चालतं. हेतू चांगला. श्रीमंताच्या पोराला मिळतं ते ठाकराच्या पोराला का मिळू नये? काही मुलं त्यातून खरंच पुढं जातात.

पण भाषेच्या अंगानं बघा. मुलगी सहा वर्षांची. घरी ठाकरी किंवा कातकरी बोली. प्रमाण मराठी अंगणवाडीत कानावर पडली तेवढीच. एके दिवशी ती अशा ठिकाणी जाते, जिथं वर्गात इंग्रजी, वसतिगृहात हिंदी-मराठीची सरमिसळ, आणि घरची बोली बोलणारं मोठं माणूस एकही नाही. पोट दुखतंय हे तिनं कोणत्या भाषेत सांगायचं? जर्मन साहेबाचं मूल परक्या देशात असतं, पण रात्री आईच्या भाषेत जेवतं. आपलं पोर स्वतःच्याच जिल्ह्यात, नाहीतर शेजारच्या जिल्ह्यात असतं, आणि तरी त्याच्याहून जास्त परदेशात असतं.

मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावरची आई मला म्हणाली, 'ताई, पोरगी दिवाळीला आली ना, तर माझ्याशी बोलायला लाजते. मी बोलले का हसते.' त्या बाईच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पोरीचं भलं होतंय, तर एवढं सोसायचं, असा तिचा हिशेब. पण हा हिशेब तिला कुणी समजावून सांगितला होता का? अर्ज भरताना कुणी विचारलं होतं का, की घरची बोली समजणारी एक तरी मावशी तिथं आहे का? सुट्ट्या किती, फोन कधी?

योजना बंद करा असं मी म्हणत नाही. पण अशा शाळेची निवड करताना जे बघतात, इमारत, संगणक, निकाल, त्यात हा प्रश्न घातलाच पाहिजे. एका गावची चार-पाच मुलं एकाच शाळेत पाठवली, वसतिगृहात त्यांच्याच समाजाची एक बाई नेमली, तर सरकारला असा किती खर्च येणार आहे?

हे काही नवीन शहाणपण नाही. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, गुरं राखायला गेलं तर कुरणात न्यायची, ही त्यांची रीत. फलटणला अमेरिकेतून आलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी आयुष्य घालवलं ते मुलांना मराठी लिहाय-वाचायला शिकवण्यात, आणि कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी केली. जन्मानं इंग्रजी बोलणाऱ्या बाईनं मराठी शाळा काढावी आणि आपण आपल्या शाळांकडे पाठ फिरवावी, याला काय म्हणावं?

भट्टीवर जाणाऱ्यांचं काय?

दिवाळी झाली की कातकरी घरं उचल घेऊन भिवंडी, कल्याण, वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. पोरं बरोबर जातात. विधायक संसदेनं नव्वदच्या दशकात या मुलांसाठी भट्टीवरच 'भोंगाशाळा' चालवल्या, तेव्हा त्यांच्याकडे राज्याचं लक्ष गेलं. तरी आजही या मुलांचं अर्धं वर्ष बुडतं.

इथं कायदा आपल्या बाजूनं आहे, तो माहीत असावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं आहे. शाळा सोडल्याचा दाखला उशिरा मिळाला किंवा जन्माचा दाखला नाही, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. गाव सोडताना शाळेकडून 'शिक्षण हमी पत्रक' मागून घ्यावं आणि ते भट्टीजवळच्या शाळेत दाखवावं. आपल्या गटातल्या बायका भट्टीवर निघाल्या, की भांडीकुंडी बांधताना हा कागदही पिशवीत जातोय ना, एवढं आपण नक्की बघू शकतो. भट्टीजवळची शाळा मराठीच असेल, तर पोराला निदान एकच परकी भाषा राहते. तिथली शाळा दुसऱ्याच माध्यमाची निघाली, तर मुलाचा पाय कुठंच टेकत नाही.

परत आलेल्यांसाठी

आखातातून आलेल्या एका कुटुंबातली मुलगी मला माहीत आहे. तिथं सीबीएसईच्या शाळेत इंग्रजी, हिंदी आणि सक्तीची अरबीही शिकली. मराठी घरात ऐकलेली, पण वाचता येत नाही. वडिलांची नोकरी सुटली आणि सगळे शहापूरला आले. २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा झालेला. सातवीतली पोर पहिल्यांदा क, का, कि गिरवायला बसली. रडायची. आईला अपराधी वाटायचं. पण खरं सांगू? तिची सगळ्यात मोठी ठेव आईनंच जपली होती. घरी मराठीत बोलायची सवय. हिंदीमुळे देवनागरी अक्षरं ओळखीची होतीच. वर्षभरात ती गोष्टीची पुस्तकं वाचू लागली. ज्या घरांत 'मुलांना कन्फ्यूज नको' म्हणून आईवडीलही मोडकंतोडकं इंग्रजीच बोलत राहिले, त्यांची पोरं परतल्यावर फार अवघड होतं. परदेशी असलेल्या लेकी-सुनांना हे आवर्जून कळवा. शाळेत कोणतीही भाषा असो, घरी आपली चालू ठेवा. आजीशी फोनवर आपल्या भाषेत बोलू दे. घरची भाषा म्हणजे परतीची वाट असते. परत येऊ की नाही, कोण सांगणार? पण वाट मोकळी असावी.

पाटीवर जाऊ नका

शाळेच्या पाटीवर 'इंटरनॅशनल', 'ग्लोबल', 'बायलिंग्वल' लिहायला रंगाशिवाय खर्च नाही. आपल्या सरकारनंही २०१८ मध्ये महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढलं, जिल्हा परिषदेच्या काही शाळा त्याला जोडल्या. पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीच्या शाळेचं तेव्हा फार नाव झालं. २०२० मध्ये ते मंडळ गुंडाळलं गेलं. मंडळं येतात, जातात. पोराची पहिली-दुसरी एकदाच येते. म्हणून प्रवेश घ्यायच्या आधी शाळेत जाऊन हे प्रश्न विचारा. संकोच करू नका, फी असो वा नसो.

१. पहिलीच्या बाईंना माझ्या मुलाची घरची भाषा थोडी तरी समजते का?

२. मूल घरच्या भाषेत उत्तर देईल, तेव्हा तुम्ही काय करता? दंड किंवा ओरडा असं उत्तर आलं, तर दुसरी शाळा बघा.

३. गणित आणि विज्ञान वर्गात खरोखर कोणत्या भाषेत समजावतात? शक्य असेल तर दहा मिनिटं वर्गाबाहेर उभं राहून ऐका.

४. दोन भाषांपैकी प्रत्येक भाषेत वाचायला आणि लिहायला कोणत्या इयत्तेपासून शिकवता? मराठी नुसती नावाला आहे, की तिचा रोज तास होतो?

५. शाळेला मान्यता कितवीपर्यंत आहे, मंडळ कोणतं, युडायस क्रमांक काय?

६. उद्या आम्हाला गाव बदलावं लागलं, तर या शिक्षणावर माझं मूल दुसऱ्या शाळेत कुठं बसेल?

आणि सातवा प्रश्न स्वतःला. मुलाच्या वहीत काय चाललंय, हे मला किंवा घरातल्या कुणाला तरी कळेल का? कळणार नसेल, तर ट्यूशनचा खर्च आणि वेळ आत्ताच हिशेबात धरा.

एवढं झाल्यावर मग इंग्रजी घ्या, सेमी घ्या, मराठी घ्या. फक्त ती बेरीज असू द्या.

शेवटी एक कामाची गोष्ट. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. आपल्या कितीतरी मैत्रिणींची नावं या समितीत आहेत, सह्याही आहेत, पण बैठकीत त्या बोलत नाहीत. या वर्षीच्या पहिल्या बैठकीला जा आणि एवढंच विचारा, की आपल्या पहिलीच्या वर्गात किती मुलं घरी कोणकोणती भाषा बोलतात, याची यादी गुरुजींकडे आहे का? नसेल तर ती करायला लावा. एका दुपारचं काम आहे. वर्गात दोन कातकरी, तीन हिंदी, एक तेलुगू आणि बाकी मराठी मुलं आहेत, असं कागदावर आलं, की कोणत्या मुलाला 'प्रत्येकी' म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, हे कुणालाही कळेल.